सकाळी काच, दुपारी चिखल: अशा बर्फासाठी स्की कुठली घ्यायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला जे समजलं ते थोडक्यात लिहिते म्हणजे चुकलं असेल तर सांगता येईल. तुमच्या आतापर्यंत तीन सुट्ट्या झाल्यात, मिळून साधारण सोळा-सतरा दिवस स्कीइंग, सगळं भाड्याच्या स्कीवर. निळे, म्हणजे सोपे, उतार आरामात होतात, लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतार बर्फ चांगला असला की होतात. उंची १७४ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. मागच्या खेपेला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलात, गाव १,२०० मीटरवर आणि वरची लिफ्ट २,००० मीटरला संपते अशी जागा होती, तिथे सकाळी साडेनऊला स्की काचेवरून घसरल्यासारखी घसरायची, खडखड आवाज यायचा, आणि दुपारी एकनंतर तोच उतार चिखलासारखा होऊन मांड्या भरून यायच्या. भाड्याची स्की ७६ मिलिमीटर रुंदीची होती, तुम्हाला वाटलं दोष तिचाच. आता पुढच्या वर्षी परत मार्चमध्येच जायचंय, स्वतःची स्की घ्यायचीय, आणि कुणीतरी ९८ मिलिमीटर रुंद, १८० सेंटीमीटर लांब स्की सुचवलीय, "सगळ्या बर्फात चालते" म्हणून. घेऊ का?

माझं उत्तर आधीच सांगते, ही स्की घेऊ नका. कारण नीट समजलं पाहिजे, नाहीतर उद्या अजून कुणी तिसरी स्की सुचवेल आणि परत तोच गोंधळ, म्हणून जरा लांबड लावते.

मी गेली बरीच वर्षं हिवाळ्यात स्की शिकवते आणि त्यातले काही हंगाम संध्याकाळी भाड्याच्या स्कीच्या वर्कशॉपमध्ये एजेस, म्हणजे स्कीच्या कडेच्या धातूच्या धारा, घासायचं, तळाला वॅक्स, म्हणजे मेण, लावायचं काम केलंय. दोन्हीकडून बघितल्यामुळे एक गोष्ट पक्की दिसते, ती म्हणजे लोक ज्या बर्फाचं स्वप्न बघतात त्यासाठी स्की घेतात आणि ज्या बर्फावर प्रत्यक्षात नऊ ते चार उभे असतात त्याचा विचारच करत नाहीत. तुम्ही सांगितलेल्या त्रासात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात: कुठल्या वेळी कुठल्या उतारावर होतात हा एक, स्कीची एज आणि बूट कसे होते हा दुसरा, आणि स्कीचं मॉडेल हा तिसरा. माझ्या अंदाजाने मॉडेलचा वाटा यात सगळ्यात कमी होता.

अर्थात काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. तुम्ही उद्या ठरवलंत की जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर ताजा बर्फ पडणाऱ्या ठिकाणी जायचं, गाईड घेऊन पिस्टच्या, म्हणजे मशीनने तयार केलेल्या, खांबांनी आखलेल्या उतारांच्या, बाहेर जायचं, तर ९८ काय, १०५ सुद्धा बरोबर ठरेल. किंवा तुम्ही वर्षाला तीस दिवस करणार असाल तर दोन जोड्या घ्या म्हणेन. पण तुम्ही लिहिलंय की वर्षाला एक आठवडा, मार्चअखेर, पिस्टवरच. मग मी त्यालाच धरून बोलते.

आधी बर्फ. वसंत ऋतूतला बर्फ हा एकच बर्फ नसतो, तो दिवसातून तीन वेळा बदलतो. दुपारी ऊन लागून वरचा थर वितळतो, पाणी कणांच्या मधे शिरतं, रात्री ते गोठतं आणि सगळे कण एकमेकांना चिकटून दगडासारखा थर होतो. सकाळी तुम्हाला मिळाला तो हा. मग ऊन चढलं की वरचे दोन-तीन सेंटीमीटर सुटे होतात, खाली अजून घट्ट असतं, वर मिठाच्या जाड्या खड्यांसारखा रवाळ बर्फ, यावर स्की करण्यासारखं सुख नाही, एज अलगद बसते आणि आवाजसुद्धा बदलतो, खडखड जाऊन सळसळ येते. हा टप्पा तासभर टिकतो, फार तर दोन तास. त्यानंतर पाणी आत खोल जातं आणि बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की समजायचं त्या उताराचा दिवस संपला. तुमच्या सांगण्यावरून तुम्ही पहिल्या टप्प्यात सुरुवात केलीत, मधल्यात बहुतेक जेवायला बसलात, आणि तिसऱ्यात परत आलात. असं करणारे तुम्ही एकटे नाही, आठवडाभरासाठी येणारे निम्मे लोक असंच करतात कारण लिफ्टची वेळ आणि जेवणाची वेळ ठरलेली असते.

इथे रात्रीचं आकाश फार महत्त्वाचं असतं हे कुणी सांगत नाही. रात्र निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षा बराच थंड होतो, म्हणजे थर्मामीटर अधिक एक-दोन दाखवत असेल तरी बर्फ गोठलेला असू शकतो. ढगाळ रात्र असेल तर ढग पांघरुणाचं काम करतात, बर्फ नीट गोठतच नाही आणि सकाळी नऊलाच चिखल. त्यामुळे मी मार्च-एप्रिलमध्ये रात्री झोपताना एकदा बाहेर डोकावते. चांदण्या दिसल्या तर उद्या निवांत दहाला निघायचं, ढग असतील तर पहिल्या लिफ्टला हजर राहायचं कारण जे काही बरं मिळणार ते सकाळीच.

दुसरी गोष्ट उताराची दिशा. उत्तर गोलार्धात सकाळी ऊन पूर्वेकडच्या उतारांवर आधी येतं, मग दक्षिण, मग पश्चिम, आणि उत्तरेकडचे उतार सगळ्यात जास्त वेळ थंड राहतात. (दक्षिण गोलार्धात, म्हणजे न्यूझीलंड किंवा चिलीला गेलात, तर उत्तर-दक्षिण उलटं धरा, पूर्व-पश्चिम तेच.) म्हणजे पिस्टचा नकाशा हातात घेऊन आधी त्यावर दिशा कुठे आहे ते बघायचं, कारण अशा नकाशांत उत्तर नेहमी वर नसते, आणि मग उन्हाच्या मागे मागे जायचं. साडेदहाला पूर्वेकडे, बाराला दक्षिणेकडे, आणि दुपारी उंचावरच्या उत्तर बाजूला. उंचीचाही हिशोब असाच, दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं, तुमच्या १,२०० ते २,००० मध्ये पाच अंशांचा फरक पडतो, खाली पाऊस आणि वर बर्फ इतका तो फरक मोठा आहे. दुपारी गावापर्यंत स्कीवर उतरण्याचा हट्ट करू नका, लिफ्टने खाली या. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे दरवर्षी सांगते, कारण दिवसातली शेवटची फेरी, थकलेले पाय आणि खालचा जड बर्फ, गुडघे दुखावण्याचा योग इथेच जास्त येतो.

एक अजून, कमी उंचीच्या जागी मार्चमध्ये पायाखाली बराचसा बर्फ मशीनने बनवलेला असतो. त्याचे कण आकाशातून पडलेल्या बर्फासारखे नक्षीदार नसतात, पाण्याचे थेंब गोठून झालेले गोल गोळे असतात, त्यामुळे तो दाट बसतो आणि टिकतो चांगला पण रात्री गोठला की फार कडक होतो. उताराच्या मधोमध राखाडी चकाकी दिसली तर तिथला वरचा बर्फ लोकांनी घासून बाजूला सारलेला असतो, कडेला एक-दीड मीटरच्या पट्ट्यात तोच बर्फ मऊ साचलेला मिळतो. कडेने जा, फक्त पिस्टच्या खांबांच्या आत राहा.

आता स्कीकडे येऊ. ९८ का नको? हा आकडा म्हणजे स्कीची कंबर, बुटाखालची रुंदी. स्की वळताना एका एजवर उभी राहते. ७६ च्या स्कीमध्ये ती एज पायाच्या मध्यरेषेपासून ३८ मिलिमीटरवर असते, ९८ मध्ये ४९ वर. अकरा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कडक बर्फात एज आत रुतत नाही, सगळा जोर त्या एका बारीक धारेवर येतो आणि ती धार तुमच्या पायाच्या जितकी बाहेर तितकी ती स्कीला परत सपाट करायला बघते, ते रोखायचं काम तुमचा घोटा आणि गुडघा करतो. दिवसभर, प्रत्येक टर्नला. शिवाय एका एजवरून दुसऱ्या एजवर यायला रुंद स्कीला जास्त वेळ लागतो. ज्याचं तंत्र पक्कं आहे तो हे निभावून नेतो, पण सोळा दिवस झालेल्या माणसाला सकाळच्या काचेवर ९८ ची स्की दिली तर त्याला वाटेल आपल्यालाच येत नाही. मऊ खोल बर्फात हेच उलट होतं, तिथे स्की आत बसते, जोर पूर्ण तळावर पसरतो, रुंदी तुम्हाला वर तरंगवते आणि ७६ ची स्की बुडते. म्हणून रुंद स्की वाईट नाही, ती वेगळ्या बर्फासाठी आहे.

तुमच्यासाठी मी ७८ ते ८४ च्या मधली स्की सांगेन. सकाळी ती धरते, आणि दुपारच्या ओल्या ढिगाऱ्यांतून ७० वाल्या शर्यतीच्या स्कीपेक्षा सुखाने जाते. इथे रुंदीइतकंच वजन बघा. चालत वर जाण्यासाठी बनवलेल्या फार हलक्या स्की ओल्या ढिगाऱ्यांवर इकडेतिकडे फेकल्या जातात, जरा भरीव स्की शांत राहते. पण मधून जाड धातूचे थर घातलेली तज्ज्ञांची स्कीही घेऊ नका, ७८ किलोवर आणि तुमच्या वेगाला ती वाकणारच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही.

लांबीबद्दल. १८० ही तुमच्या डोक्याच्या वर जाते. पूर्वी लोक दोन मीटरच्या सरळ स्कीवर शिकायचे, स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने १९९३ मध्ये एससीएक्स नावाची खोल कंबरेची स्की आणली आणि त्यानंतर सगळ्यांच्याच स्कीचा आकार बदलला, टोकं रुंद, कंबर बारीक, म्हणजे स्की एजवर टाकली की ती स्वतःच कमानीत वाकून वळायला लागते. त्यामुळे लांबीची जुनी गणितं गेली. तुमच्यासाठी नाक ते कपाळ, म्हणजे साधारण १६४ ते १७०. वळणाची त्रिज्या स्कीवर मीटरमध्ये छापलेली असते, ती १३ ते १६ च्या आसपास असू द्या, म्हणजे मध्यम वेगातही स्की वळेल.

एक गोष्ट मात्र दुकानात हमखास गोंधळात टाकते, रॉकर, म्हणजे स्कीच्या टोकाचा वर उचललेला भाग. स्की जमिनीवर ठेवली की पुढचं टोक कुठून वर उचलायला लागतं ते बघा. जोडी तळाला तळ लावून दाबून धरा आणि दोन्ही स्की एकमेकींना कुठे टेकतात ते बोटाने दाखवा, त्या दोन टेकलेल्या जागांमधली लांबी हीच कडक बर्फावर कामाला येणारी एज. मऊ बर्फाच्या स्कीमध्ये पुढचं टोक बरंच आधी उचललेलं असतं, म्हणून ती आकड्याने लांब आणि काचेवर आखूड वागते. तुम्हाला पुढे थोडा रॉकर आणि बुटाखाली नीट कमान, म्हणजे कॅम्बर, असलेली स्की हवी. ती कमान तुमच्या वजनाने दबली की जोर पुढच्या आणि मागच्या टोकापर्यंत पोचतो आणि स्की पूर्ण लांबीने धरते.

इतकं सगळं सांगून आता खरं सांगते, मागच्या वर्षी तुमच्या पायात हीच ८० ची स्की असती तरी सकाळी घसरलाच असता, जर एज बोथट असेल तर. आणि मला दाट शंका आहे की ती होती.

एक प्रसंग सांगते. एक बाई माझ्याकडे चौथ्या दिवशी आल्या, रडवेल्या झालेल्या, म्हणाल्या मला डावीकडे वळताच येत नाही, उजवीकडे येतं. मी दोन टर्न बघितले, तंत्र दोन्हीकडे सारखंच होतं. मग लिफ्टच्या खाली त्यांची उजवी स्की काढायला लावली आणि हातमोजा काढून अंगठ्याचं नख एजवर आडवं ओढलं. चांगली एज नखाचा पांढरा भुगा काढते, अगदी थोडा, पण दिसतो. इथे नख नुसतं घसरत गेलं, बुटाखालच्या वीतभर पट्टीत तर गंज लागून कड गोल झाली होती आणि एका जागी दगड लागून धातूचा बारीक काटा बाहेर आला होता. डावीकडे वळताना उजव्या स्कीच्या आतल्या एजवर सगळा भार येतो, ती एज नव्हतीच. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये वीस मिनिटांचं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्या डावीकडे वळल्या आणि त्यांनी काहीही वेगळं केलं नव्हतं. चार दिवस त्या बाई स्वतःला दोष देत होत्या याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम हे, भाड्याची असो की स्वतःची, सकाळी स्की हातात घेतली की चारही एजवर तीन-तीन ठिकाणी नख ओढा, टोकाजवळ, बुटाखाली, शेपटीजवळ. बोट धारेच्या दिशेने फिरवू नका, कापतं. बोथट असेल तर काउंटरवर परत द्या आणि सरळ म्हणा, उद्या सकाळी कडक बर्फ आहे, एज करून द्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, ते त्यांचंच काम आहे. स्वतःची घेतलीत तर एक छोटा डायमंड स्टोन बाळगा, रोज संध्याकाळी पाण्यात भिजवून एजवरचे काटे काढा, स्की पुसून कोरडी करा आणि ओल्या स्की जोडीने पट्ट्यात गच्च बांधून रात्रभर ठेवू नका, सकाळी गंज दिसेल.

दुपारचा अर्धा त्रास वॅक्सचा होता. ओल्या बर्फात तळाखाली पाण्याचा थर जास्त होतो आणि तो तळाला ओढून धरतो, काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात तसं. सावलीतून उन्हात आलात की स्की एकदम ब्रेक लागल्यासारखी थांबते आणि तुम्ही पुढे जाता, हे झालं असेलच तुम्हाला. उपाय दोन आहेत, उबदार तापमानासाठीचा मऊ वॅक्स, आणि तळावर पाणी वाट काढून जाईल अशा जरा मोठ्या रेघा, त्या वर्कशॉपची मशीन पाडते. थंडीत याच्या उलट, कोरड्या बर्फाचे कण टोकदार असतात म्हणून वॅक्स कडक लागतो. वसंतात बर्फावर धूळ आणि परागकण साचतात, तळ काळपट चिकट होतो, तेव्हा वॅक्सच्या आधी तळ साफ करणं आलंच. भाड्याच्या स्कीला आठवड्याच्या मधे एकदा वॅक्स मागा, बहुतेक ठिकाणी करून देतात.

आता बूट, आणि इथे मी थोडी हट्टी आहे. एकच वस्तू घ्यायची असेल तर बूट घ्या, स्की नाही. स्की तुमचं ऐकते ती बुटामार्फत. पाय आत हलत असेल तर तुम्ही गुडघा वळवता, बूट उशिरा वळतो, स्की त्याहून उशिरा, आणि काचेवर तेवढ्यात तुम्ही दोन मीटर खाली गेलेले असता. भाड्याचे बूट बहुतेक लोक एक-दोन नंबर मोठे घेतात कारण दुकानात उभं राहिल्यावर ते सोयीचे वाटतात.

तपासायचं असं. बुटाचा आतला मऊ भाग बाहेर काढा, पातळ मोजा घालून नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे अलगद टेकवा, गुडघा जरा वाकवा आणि टाचेच्या मागे कवचापर्यंत किती जागा उरते ते टॉर्चने बघा किंवा हाताची बोटं घालून बघा. दीड ते दोन सेंटीमीटर ठीक. अडीचच्या वर गेलं की बूट मोठा आहे, मग बकल कितीही आवळा. आतला भाग परत घातल्यावर सरळ उभं राहिलात की बोटं टेकायला हवीत आणि गुडघे पुढे वाकवले की ती सुटायला हवीत. नंबर मॉन्डोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, त्यामुळे घरीच भिंतीला टाच लावून मोजता येतं. पण लांबीवर थांबू नका, पंजाची रुंदी आणि पोटरीची जाडीही बघायला सांगा. फ्लेक्सचा आकडा, म्हणजे बूट किती ताठ, तुमच्यासाठी ९० ते १००, पण हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एकाचा ९० दुसऱ्याच्या १०० सारखा लागू शकतो, तेव्हा घालून गुडघे पुढे दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, त्याबद्दल एकच, पडल्यावर किती जोराला सुटायचं तो डीनचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची पातळी यावरून ठरतो, वय पन्नाशीच्या पुढे गेलं की तो कमी धरतात. स्वतः स्क्रू फिरवू नका, आणि पातळी सांगताना फुशारकी मारू नका, जास्त सांगितलीत तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघा सुटेल. बूट स्वतःचे घेतलेत तर त्याचा तळ कुठल्या प्रकारचा आहे, सपाट की ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित गोलसर रबरी तळ), हे काउंटरवर सांगा, सगळ्याच बाइंडिंगमध्ये सगळे तळ बसत नाहीत.

इथपर्यंतचं डोक्यात राहावं म्हणून क्रम परत लिहिते: आधी वेळ आणि उतार, मग एज आणि वॅक्स, मग बूट, आणि सगळ्यात शेवटी स्की.

तंत्राचं थोडं, कारण काचेवर बहुतेक जण जे करतात ते नेमकं उलटं असतं. घसरायला लागलं की आपण घाबरून एज जोरात आपटतो आणि डोंगराच्या बाजूला कलतो. त्याने भार बाहेरच्या स्कीवरून जातो आणि ती सुटते. काचेवर घाई करायची नाही, बाहेरच्या स्कीवर उभं राहायचं, एज हळूहळू वाढवायची, थोडं घसरलं तर घसरू द्यायचं, पुढे मऊ जागा आली की तिथे वेग आवरायचा. दुपारच्या ढिगाऱ्यांत उलट दोन्ही पाय जवळ आणि भार जवळजवळ सारखा, टर्न लांब आणि गोल, कारण तिथे एकच स्की दाबली की ती बुडते आणि दुसरी पुढे पळते. मांड्या भरून येतात ते बहुतेक मागे बसल्यामुळे. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे का एवढंच बघत एक उतार करून बघा.

आणि ते ९८ वालं आकर्षण पिस्टबाहेर जायचं असेल तर एक गोष्ट गंभीरपणे सांगते. स्की रुंद झाली म्हणून डोंगर सुरक्षित होत नाही. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, म्हणजे स्कीला जे मजेदार वाटतात नेमके तेच. वसंतात दुपारी ऊन लागून ओला बर्फ सुटतो, सकाळी सुरक्षित असलेला उतार दोन वाजता नसतो. युरोपात रोज धोक्याची पातळी १ ते ५ मध्ये जाहीर होते, ती वाचायची, आणि ट्रान्सिव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरायचा सराव असलेला जोडीदार नसेल तर खांबांच्या बाहेर जायचंच नाही. गाडल्या गेलेल्या माणसाकडे पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, मदत पथक तेवढ्यात पोचत नाही, जवळचा माणूसच वाचवतो.

जागा बदलता येत असेल तर मार्चअखेरसाठी उंच जागा निवडा. फ्रान्समधलं वाल तोराँस हे गावच २,३०० मीटरवर आहे, स्वित्झर्लंडच्या त्सेरमाटला लिफ्ट ३,८८३ मीटरपर्यंत जाते, ऑस्ट्रियात हिंटरटुक्सच्या हिमनदीवर वर्षभर स्की चालते. तिथेही दुपारी खालचे उतार मऊ होतात पण पळून जायला वर जागा असते. मात्र उंची म्हणजे सगळं नाही. जपानमधल्या निसेकोचा डोंगर १,३०८ मीटरचा, तरी जानेवारीत तिथे अप्रतिम हलका बर्फ पडतो कारण सैबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन येते. गुलमर्गला गोंडोला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो, पण वरचा बहुतेक भाग तयार केलेली पिस्ट नाही, मोकळा डोंगर आहे, तुमच्या आताच्या पातळीला तो गाईडशिवाय नाही. म्हणजे ९८ ची स्की शोभेल अशा सुट्ट्या आहेत, पण तुम्ही ठरवलेली सुट्टी ती नाही.

बर्फाचा अहवाल वाचताना "वर १८० सेंटीमीटर" यावर भुलू नका. त्यावरून दगड झाकलेत एवढंच कळतं, पृष्ठभाग कसा आहे ते नाही. त्याऐवजी शेवटचा बर्फ कधी पडला, रात्री शून्य अंश किती उंचीवर होतं, आणि वारा होता का, हे तीन बघा. वाऱ्याने दाबलेला बर्फ ताजा असूनही पापुद्र्यासारखा फुटतो आणि त्यात स्की अडकते.

मग घ्यायची की भाड्याने? वर्षाला सहा दिवस असतील तर माझा सल्ला अजून दोन सुट्ट्या स्की भाड्यानेच, बूट स्वतःचे. भाड्याचा मोठा फायदा म्हणजे बदलता येते. पहिल्या दिवशी ७८ ची घ्या, तिसऱ्या दिवशी ८४ ची मागा, आणि दोन्ही एकाच उतारावर, सकाळी एकाच वेळी, निदान चार-चार फेऱ्या करून बघा. सकाळी एक आणि दुपारी दुसरी असं केलंत तर तुम्ही स्की नाही, बर्फ तपासत असाल. जी स्की काचेवर कमी आवाज करते आणि दुपारी तीनला पाय कमी थकवते तिचं नाव, लांबी, कंबर आणि त्रिज्या फोनमध्ये टिपून ठेवा. मग घ्यायची तर तीच किंवा तिच्या जवळची, आणि मागच्या हंगामातलं मॉडेल मिळालं तरी हरकत नाही, दरवर्षी बहुतेक रंगच बदलतो.

काउंटरवर जाल तेव्हा "चांगली स्की द्या" म्हणू नका, त्याला काही अर्थ नाही. असं सांगा: वजन ७८, निळे आरामात, लाल जमतात, पिस्टवरच राहणार, सकाळी कडक दुपारी ओलं, ८० च्या आसपास कंबर, १६८ च्या आसपास लांबी, एज धारदार पाहिजे. एवढं ऐकलं की समोरचा माणूस मागच्या रॅककडे जातो.

आता माझा एक प्रश्न राहिला. मागच्या वेळी जो बूट घातला होतात त्याचा नंबर आठवतो का, आणि पायाची लांबी भिंतीला टाच लावून किती भरते? दोन्ही आकडे लिहा. दोन सेंटीमीटरचा फरक निघाला तर स्कीचं बोलणं आपण तूर्त बाजूला ठेवू आणि बुटापासून सुरू करू.